दुसऱ्या गोलकीपरची आई

माझी पोरगी बर्फावर हॉकी खेळते आणि तिला पगार मिळतो तो त्याचाच. हे मी कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मी चेष्टा करते आहे का ते शोधतो. आसेगावच्या बाजारात एका ओळखीच्या बाईनं तर सरळ विचारलं, "बर्फावर कायले वं? जमीन पुरून नाही राह्यली काय तिले?" मी म्हटलं, "माय, मलेच समजून नाही राह्यलं, तुले काय सांगू?"

आमच्याकडे बर्फाच्या लादीची कामं दोनच. लग्नात पिण्याचं पाणी थंड करायचं, आणि माणूस गेला अन् त्याची लेकरं पुण्याहून यायची असली, तर ती येईपर्यंत त्याच्या अंगाला लावून ठेवायची. पोरीनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं, "आई, आज मी बर्फावर उभी राह्यली," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लग्न आलं नाही. मी घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. अंगणवाडीत सेविका आहे मी. एखादं लेकरू जरा जास्त वेळ झोपलं तरी त्याच्या नाकाशी बोट धरून पाहते. आमचे हे म्हणतात, "तुह्या भेवाले सुट्टी नाही, रविवारीबी नाही." खरं आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्याकडे पाहूनच म्हणत असतील.

पोरगी मात्र कोणावर गेली कोण जाणे. शाळेत हँडबॉल खेळायची, तिथेही गोलातच उभी. चेंडू तोंडावर आला तरी डोळे मिटत नाही, एवढा एकच तिचा गुण. वाशिमच्या कॉलेजात होती तेव्हाच ती निमलष्करी दलात भरती झाली, आणि नेमणूक मिळाली लडाखला. तिथं त्यांच्या मुलींच्या हॉकी टीमला गोलकीपर कमी पडत होती. लडाखच्या पोरी लहानपणापासून बर्फावर घसरत वाढलेल्या, आणि ही उन्हाळ्यात डांबराला चप्पल चिकटते त्या मुलखातली. पण कोच मॅडमनं हिला उभं करून चेंडू मारून पाहिले आणि हिनं डोळे मिटले नाहीत. झालं! ड्यूटी म्हणजे खेळणं, असं सुरू झालं. पहिला हिवाळा तिचा नुसता पडण्यात गेला. मी सांगते आहे तो दुसरा.

त्या खेळाचं वर्ष तिथल्या थंडीएवढंच. आपल्याकडे दिवाळी होते, सोयाबीन घरात येतं, तूर शेंगांवर असते, तेव्हा तिकडे तळं गोठायला लागतं. तळं पक्कं झालं की सामने सुरू, उन्हानं बर्फ सुटायला लागला की संपले. तेवढ्यात चार-पाच टीम एकमेकींशी भिडतात, काही दुसऱ्या दलांच्या, काही तिथल्या गावच्या पोरींच्या. मग सेमीफायनल, मग फायनल.

चेंडू नसतो त्यात. बामच्या मोठ्या डबीएवढी काळी चकती असते, तिला पक म्हणतात. रबराची आहे ऐकून मला हायसं वाटलं होतं. तेव्हा हीच हसत म्हणाली, "आई, तो रबर आधी गारठवून ठेवतात, लय उसळू नये म्हणून. गोट्यावानी होते मंग." ही काय हसून सांगायची गोष्ट आहे? गोलकीपरच्या पायांना गाद्या बांधतात, छातीला गादी, तोंडावर जाळी. पहिला फोटो आला तेव्हा मला वाटलं, कापसानं ठासलेलं पोतं कोणी उभं करून ठेवलं. पण त्या सगळ्या गाद्यांच्या वर, टोपाच्या आत, माझ्या पोरीचं डोकं होतं. मी पाहायची ते तेवढंच.

डोक्याचं का म्हणते ते सांगते, पण त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर कोणी देत नाही. "जरा बरं नाही, येऊन जा," एवढंच सांगतात. माणूस वाटेत खचू नये, नीट पोचावा म्हणून. माझे बाबा गेले तेव्हा मलाही भावानं असंच सांगितलं होतं, आणि मी त्यांच्यासाठी मोसंब्या घेऊन गेले होते. तेव्हापासून फोनवर कोणी "काळजीचं काही नाही" म्हटलं की माझे हातपाय आधी गार पडतात.

त्या डिसेंबरात पोरीचा आवाज काही दिवस जड येत होता. म्हणाली, "सर्दी झाली." मी म्हटलं, "ओवा घे." म्हणाली, "हाव." व्हिडिओ कॉल मात्र करेना, कधी नेट नाही, कधी बॅटरी नाही. मग एका संध्याकाळी मीच लावला आणि तिची मैत्रीण फोनवर आली. लडाखचीच पोर, गाल उन्हानं भाजून लाल झालेले, टीमची पहिली गोलकीपर. मोठ्या प्रेमानं म्हणाली, "आंटी, वो नहा रही है. अब अच्छी है. अब चक्कर नहीं आता."

"कायचा चक्कर?" मी मराठीतच ओरडले.

त्या बिचारीला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. तिनं सांगून टाकलं. सरावात दोघी-तिघी गोलावर आदळल्या, माझ्या पोरीचं डोकं गोलाच्या लोखंडी खांबाला लागलं, तिला ओकाऱ्या झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. आता सुट्टी मिळाली, महिनाभर आराम आहे. "डॉक्टर बोला, फिर से सिर में लगा तो मुश्किल है, आंटी." मुश्किल म्हणजे खेळ कायमचा बंद, नाहीतर त्याहूनही वाईट. डोक्याच्या माराचं कोणी सांगू शकत नाही.

पोरगी बाथरूममधून आली तशी मी तिला धरली. "सर्दी काहून म्हणाली?"

"सांगून काय केलं असतं तुनं? रडली असती."

"मग रडू दे ना मले! माह्या डोळ्याचं पाणी हाय, तुह्या पगारातून कापत नाहीत!"

ती हसली. तिला हसू येतं आणि माझं काळीज तुटतं, हे आमचं दोघींचं जुनंच आहे. जानेवारीत डॉक्टरांनी तिला खेळायची परवानगी दिली, पण तोवर ती मागं पडली होती. लडाखची पोर पहिली गोलकीपर, माझी दुसरी. पहिलीला काही झालं तरच हिनं उतरायचं, नाहीतर गाद्या बांधून बाकावर बसायचं. ती चरफडायची, "आई, मी बसून बसून गोठून राह्यली. एक मॅच तरी मिळावी." मी वरवर "मिळीन, मिळीन" म्हणायची. खरं सांगू? बाकावर बसलेली पोर मला इतकी गोड दिसायची की विचारू नका. कोणी असं बसल्या पगार देतं का?

मग माझा सगळा जीव त्या पहिलीत गेला. ती धडधाकट राहिली तर माझी बाकावर राहणार. फोन लावला की मी पहिलं विचारायची, "ती बरी हाय ना? जेवते ना? खोकला-बिकला?" डिंकाचे लाडू पार्सल केले आणि बजावलं, "अर्धे तिले देजो. अर्धे नाही, जास्तच दे." पोरगी म्हणाली, "आई, तू माही आई हायेस का तिची?" मी म्हटलं, "तू दे, जास्त बोलू नको." पुढं ती पोर मला स्वतःहून फोन करू लागली. "आंटी, मैं बिलकुल ठीक," एवढं हसत सांगायची आणि ठेवायची. त्या दिवशी मला झोप यायची.

शेजारच्या काकूला हे सगळं ठाऊक होतं. त्या एक दिवस म्हणाल्या, "पोहरादेवीले नारळ बोलून ठेव, पोरीले काही होत नाही."

"आमच्यात नवस नाही, काकू. आमी दीक्षेवाले, तुमाले ठाऊक हाय."

"तुमच्यात नसू दे. माह्यात हाय ना? मी बोलते माह्या तोंडानं, तू कान बंद कर."

मी कान बंद केले नाहीत. त्या रविवारी विहारात वंदनेला बसले तेव्हा मन काही ठिकाणावर नव्हतं. आजोबांनी ज्या गोष्टी सोडल्या त्या नातीच्या भीतीनं परत घरात येतात की काय, असं वाटत राहिलं. पण काकूला "नका बोलू" म्हणायची हिंमतही झाली नाही.

सामने मी फोनवर पाहायची. तिकडं तळ्याच्या काठावर कोणीतरी मोबाइल धरून लाइव्ह करायचं, आणि इकडं आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर रेंज जरा बरी यायची. मी तिथं तूर निवडायला घेऊन बसायची. पांढऱ्या बर्फावर बारक्या बारक्या पोरी, साखरेवर मुंग्या फिराव्या तशा. काही कळायचं नाही, बोलणारा अर्धं हिंदीत आणि अर्धं त्यांच्या भाषेत बोलायचा. मी फक्त बाक शोधायची. त्यांची टीम जिंकत होती, आणि माझी पोर बसून होती. मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

सेमीफायनलच्या सकाळी तिचा फोन आला. "आई, आज मले उतरवतीन असं वाटते. पहिलीचा खांदा दुखून राह्यला." तिच्या आवाजात नुसता आनंद. मी "सांभाळून" म्हटलं आणि चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, इतकी मी ठिकाणावर होते.

अंगणवाडीचा खाऊ वाटून घरी आले, गॅसवर वरण ठेवलं आणि जिन्यावर फोन लावला. सामना सुरू झालेला होता. गोलात एक पोतं उभं होतं, तोंडावर जाळी. दोघी गोलकीपरींचे कपडे सारखेच. नंबर दिसेना, बाक दिसेना, फोन धरणाऱ्याचा हात थंडीनं नुसता हलत होता. पण सकाळचं बोलणं कानात होतं, त्यामुळं मी त्या पोत्याला माझी पोर समजूनच पाहत होते. "माय, खाली वाक. माय, मागं सर," असं तोंडानं चाललं होतं माझं.

आणि तेवढ्यात समोरच्या टीमची एक पोर सुसाट आली, तिच्या मागं दुसरी, आणि दोघी गोलावर जाऊन आदळल्या. गोलाची जाळी मागं सरकली. त्या दोघी उठल्या. पोतं उठलं नाही. आडवं पडून राहिलं, एक हात वाकडा. माणसं धावत आली, घसरत आली. कोणीतरी स्ट्रेचर आणलं. आणि चित्र थांबलं. मधोमध ते पांढरं चाक फिरत राहिलं.

मी तिला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. सामना असला की फोन बंद करून ठेवतात, हे मला ठाऊक होतं, तरी लावत राहिले. आमचे हे तुरीच्या शेतातून आले. माझं तोंड पाहून त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. मी म्हटलं, "पडली. डोक्यावर पडली. उठली नाही." त्यांनीही फोन लावून पाहिला. मग त्यांनी किन्हीराजाला त्यांच्या मोठ्या बहिणीला फोन केला, कारण आमच्या घरात काही झालं की पहिला फोन तिलाच जातो. आमचे हे साधे, खरं बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "बाई, पोरीले लागलं. निघून ये." मी शेजारीच उभी होते. या बोलण्याचा तिकडं काय अर्थ होणार, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

काकू आल्या. त्यांनी काही न विचारता माझं अर्धं शिजलेलं वरण उतरवलं आणि गॅस बंद केला. गल्लीतल्या बाया येऊन बसल्या, डोक्यावर पदर घेऊन. माणसं रस्त्यावर उभी राहिली. कोणीतरी विहारातल्या सतरंज्या आणून अंगणात टाकल्या. कोणीच काही बोलत नव्हतं. मी दारात बसून फोन धरला होता आणि मनात एकच चाललं होतं, डोकं नको, हात मोडू दे, पाय मोडू दे, डोकं नको.

दुपार कलली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. आणि रडणं ऐकू आलं.

मरणाच्या घरी आमच्याकडे बाया तशाच येतात. दारात येऊन रडत नाहीत, गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढतात, म्हणजे घरच्यांना कळावं आपलं माणूस आलं. पोरीची आत्या तशी आली. "अवं माही सोन्याची बाई वं! कुठं गेली वं त्या बर्फात! आत्याले न भेटता गेली वं!" तिच्या मागं तिच्या दोन जावा, त्याही तशाच.

मला वाटलं, हिला माहीत आहे. हिला सांगितलं, तिकडून साहेबांचा फोन हिच्याकडं आला, आणि आईला शेवटी सांगायचं म्हणून सगळे इतका वेळ गप्प बसून आहेत. मी यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत होते, डोळे फाडून. त्यांना वाटलं मला माहीत आहे आणि मी त्यांच्यापासून लपवलं. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडावर मरण शोधत होतो, आणि आत्या माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती. सगळ्या बायांनी सूर धरला. मला रडू आलं नाही. हातपाय कुठं आहेत तेच कळत नव्हतं. आणि एक सांगते, कोणाला पटो न पटो, भीती तेवढ्यापुरती पार गेली होती. घाबरायला काही उरलंच नव्हतं.

फोन वाजला तेव्हा त्यावर पोरीचं नाव होतं. मी उचलेना. मला वाटलं, तिच्या फोनवरून आता कोणीतरी साहेब बोलणार. काकूंनीच माझ्या हातातल्या फोनवर बोट दाबलं.

"आई! पाह्यलं का? पाह्यलं का मले? जिंकलो आमी!"

लाल झालेलं नाक, कपाळाला चिकटलेले केस, आणि तोंडभर हसू. अंगणात पाच-पन्नास माणसं आणि बायांचा आकांत. तिचं हसू हळूहळू गेलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई... कोण वारलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. तुही आत्या आली हाय."

आत्यानं फोन ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग वळून भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांची टोपी पडली. "मेल्या, असा फोन करतात काय?"

"म्या खरंच सांगतलं ना, बाई. लागलं म्हणून."

"खरं कोण सांगते फोनवर!"

अंगण हसलं. रडता रडता हसलं, शेंबूड पुसत हसलं. मी हसले की रडले मला आठवत नाही. पडली होती ती पहिली गोलकीपर. तिचा खांदा निखळला होता आणि हाड मोडलं होतं. उरलेला सगळा सामना माझ्या पोरीनं गोलात उभं राहून काढला होता, आणि तेव्हा इकडं मी तिच्यासाठी दारात बसले होते. त्या पोरीचं ऐकून आधी मला बरंच वाटलं, माझी नाही म्हणून. मग तिच्या आईचं मनात आलं. तिला कोणी सांगितलं असेल, कसं सांगितलं असेल? आणि त्याच्या मागून, जरा उशिरानं, तिसरी गोष्ट लक्षात आली. फायनल परवा होती. तिसरी गोलकीपर टीममध्ये नव्हती.

आलेली माणसं अशी कशी परत जाणार? काकूंनी गॅस पेटवला, गल्लीतून भाकरी आल्या, जेवणं बसली. जेवता जेवता आत्यानं निकाल दिला. "आता बस झालं. तिले शपथ घाल. म्हण, तुले आईची शपथ हाय, उभी नको राहू." सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या पोरीवर रागावून काही होत नाही, पण लहानपणापासून आईची शपथ तिनं कधी मोडली नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यांनी मान खाली घालून भाकरी कुस्करली. म्हणजे त्यांनाही तेच पाहिजे होतं.

दिवेलागणीला तिचा फोन आला. या वेळी हसू नव्हतं. "आई, एक सांगू? मले भेव लागून राह्यलं. खेळताना नाही लागलं. आता लागून राह्यलं. त्या खांबाकडे पाह्यलं की पाय कापतात."

ती तेवीस वर्षांची आहे. चालायला लागल्यापासून तिनं मला "भेव लागते" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"तू शपथ नको घालू," ती म्हणाली. "आत्या आली म्हणजे तेच चालू असंन तिथं. तू घातली त मी उभी नाही राहणार. अन् माह्यामागं कोणीच नाही."

आत्या समोरून हातानं खुणा करत होती, म्हण, म्हण. शपथ माझ्या जिभेवर होती, अगदी दातांशी आलेली. मी घाबरट आहे, पण मूर्ख नाही. पोरगी पहिल्यांदा मला खरं सांगत होती. आज शपथ घातली असती तर यापुढं तिला आयुष्यभर सर्दीच झाली असती. मी म्हटलं, "भेव लागते त लागू दे. मलेबी लागते. पण उद्या डॉक्टरले डोकं दाखव, अन् त्याचं तोंड मले दाखव. तुह्या शब्दावर मी जाणार नाही." मग विचारलं, "जेवली का?"

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोरीनं खरंच डॉक्टर माझ्यापुढं उभा केला. तरुण पोरगा होता, थंडीनं नाक गळत होतं. त्यानं हिंदीत समजावलं की तपासणी झाली आहे, डोकं बरं आहे, ती खेळू शकते. मी विचारलं, पुन्हा लागलं तर ओळखायचं कसं? तो म्हणाला, जीभ जड होते, साध्या प्रश्नाची उत्तरं चुकतात. तेवढं मी नीट ध्यानात ठेवलं.

फायनल पाहायला आत्या थांबली, रागातच. फोन अंगणात धान्याच्या कोठीवर टेकवून ठेवला आणि सगळे पुढं सतरंजीवर बसले. मी बसले नाही. पक दुसऱ्या टोकाला असला की मी उभी राहून पाहायची. समोरच्या पोरी पक घेऊन आमच्या गोलाकडं यायला लागल्या की मी सरळ भिंतीमागं. तिथून विचारायची, "गेल्या काय?" काकू ओरडायच्या, "गेल्या, ये!" मी यायची. पुन्हा त्या पोरी वळल्या की पुन्हा भिंतीमागं. पायात चप्पल होती की नाही, ठाऊक नाही. एकदा सगळं अंगण "अवं माय!" म्हणून ओरडलं आणि मी भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिले. काकू ओरडल्या, "उठली, उठली! खांबाले नाही लागलं!" मला खरं वाटलं नाही, मी आत्याला विचारलं. आत्या रागावलेली, ती माझ्यासाठी खोटं बोलली नसती. ती म्हणाली, "उठली ना बाई, कितीदा सांगू."

एका गोलानं हरल्या. कोणीतरी चुकचुकलं. आणि मी? मी तिथंच मटकन बसले, आणि मला इतकं हलकं वाटलं की सांगायची सोय नाही. सामना संपला होता. पोर दोन पायांवर उभी होती.

तिचा फोन आला तो हुंदके देतच. "आई, माह्यामुळं हरलो. शेवटचा अडवता येत होता मले. मी उशीर केला."

मी तिचं बोलणं ऐकतच नव्हते. मी तिची जीभ ऐकत होते. "आज वार कोणता?" मी विचारलं.

"काय?"

"वार सांग. तुह्या आत्याचं गाव कोणतं?"

"किन्हीराजा! आई, मी इथं हरून राह्यली अन् तू गावं काय विचारून राह्यली?"

जीभ अगदी साफ होती. मी म्हटलं, "रड आता. पोटभर रड." ती रडली, मीही रडले, तिचं कारण वेगळं, माझं वेगळं. मग नाक ओढून ती म्हणाली, "मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणे, पहिलीचा खांदा लवकर भरत नाही. पुढच्या हिवाळ्यात पहिली तू. समद्या मॅच तुलेच."

फोन स्पीकरवर होता. अंगणात एकच गलका झाला. यांनी टोपी काढून परत घातली. आत्या राग विसरून माझ्या तोंडात साखर कोंबायला धावली, काकू फोनमध्ये ओरडल्या, "तुही माय सारी मॅच भिंतीमागं होती!" आणि म्हणाल्या जिलबी आणा. मी साखर तोंडात घेऊन उभी होते आणि ती गिळता येत नव्हती. सगळ्या मॅच. एक हिवाळा पूर्ण, बाक नाही, आणि मागं उभं राहायला कोणी नाही.

"आई? तुले खुशी नाही झाली?"

आत्यानं मला कोपर मारलं. "हाव म्हण ना."

"नाही झाली," मी म्हटलं. "मले भेव लागून राह्यलं. आतापासूनच."

तिकडं तिच्या मागं कोणीतरी बर्फावरून सामान ओढत नेत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "पण पाहशीन ना? भिंतीमागं नको जाऊ. काकूनं सांगितलं मले. मी खाली पडली ना, तर तू पाहून राह्यली असं मले ठाऊक पाह्यजे."

मी यांच्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. कोणीही माझ्याऐवजी उत्तर देणार नव्हतं.

"पाहीन," मी म्हटलं.